पात्र आहात ना? मग झालं तर!

...आता मला सांगा, मागे ही लांबच्या लांब रांग, कडेवर पोर, आणि खिडकीच्या आतला माणूस मान वर न करता विचारतो, "बाई, तुम्ही पात्र आहात का?" ही काय विचारायची रीत झाली? माझी तर कानशिलं तापली! आमच्याकडे पात्र कुणाला म्हणतात ठाऊक आहे? ह्यांचे एक मामा आहेत, एकटेच राहतात, आणि बाहेरून आले की स्वतःच्याच घराचं दार वाजवून "घरात कुणी आहे का" म्हणून विचारतात. त्यांना आम्ही म्हणतो, काय पात्र आहे! मी म्हटलं, "पात्र असाल तुम्ही!" तर तो शांतपणे म्हणतो, "मी कसा असेन? मी पर्मनंट आहे." मागची रांग फिदीफिदी हसली. मग मागच्याच एका बाईनं मला कानात सांगितलं, अगं, पात्र म्हणजे तुला सरकारी मदत लागू होते की नाही, ते विचारतोय तो. उत्पन्न कमी आहे ना? स्वतःचं घर नाही ना? मग तू पात्र. मी म्हटलं, असं होय! गरीब आहात का, असं सरळ विचारा की! तेवढं तर मला माझी चप्पल बघूनही सांगता येतं.

या ना, उभ्या का सगळ्या? नमुन्याचं घर बघायला आलात ना? किल्लीवाला यायचाय अजून. बसा माझ्या पायरीवर, लाजू नका. कोरडी आहे पायरी. आज कोरडी आहे. आणि ताई, तो गोटा तेवढा सरकवू नका हं, दाराला लावलाय, नाहीतर दार आपटतं. गुळगुळीत आहे ना? हो, हात लावला की बरं वाटतं. मलाही आधी बरंच वाटायचं.

तर काय सांगत होते, पात्र. तुम्हाला सांगते, मी सातवीपर्यंत शिकलेय, पात्र हा शब्द काही मला नवा नाही. नाटकात पात्र असतं. दूध तापवायचं पात्र असतं. आणि भूगोलात नदीचं पात्र असतं. ते एकदा परीक्षेत आलं होतं, चुकलं होतं, आणि बाईंनी माझ्याकडून पानभर लिहून घेतलं होतं. पानभर लिहिलं आणि साफ विसरले. बाकी सगळं विसरले असते तरी चाललं असतं हो, तेवढं एक विसरायला नको होतं.

आमची आधीची खोली होती लाँड्रीच्या मागे. एकच खोली, खिडकी म्हणावं तर होती, उघडली की समोरच्याच्या भिंतीला लागायची. पण आमची एक भिंत लाँड्रीच्या भट्टीला लागून, त्यामुळे कायम कोमट. टिकली झाली तेव्हा, ही माझी लेक, आत झोपलीय, वितीएवढी होती हो ही, डॉक्टरसुद्धा नजर चुकवून बोलायचे, तेव्हा मी हिला त्या कोमट भिंतीला लावून निजवायची. आणि एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "टिकली गं बाई, टिकली पोरगी!" तेव्हापासून तिचं नावच टिकली. लोकांना वाटतं कपाळावरची. तर दवाखाना हाकेवर, ह्यांचं दुकान कोपऱ्यावर, सोफे आणि गाद्या शिवतात हे, शेजारी शिलाईमास्तर, त्यांच्या शर्टांची काजं-बटणं माझ्याकडे, आणि मी दुकानात गेले तर लाँड्रीवाली मावशी टिकलीला कपड्यांच्या टोपलीत बसवून ठेवणार. एकदा इस्त्रीच्या गठ्ठ्याबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात देणार होती, जाऊ द्या ते. सांगायचा मुद्दा, खोली वाईट होती, पण खोलीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं चांगलं होतं. आता उलटं आहे. घर चांगलं आहे.

मी त्या खिडकीवाल्याला म्हटलं, "साहेब, मग असं करा ना, ती मदत तुम्ही आमच्या हातात द्या. आम्ही तिथंच आसपास एखादी बरी खोली बघतो. ह्यांचं दुकान तिथं, पोरीचा दवाखाना तिथं." तर तो हसला. असा हसला जसं काही मी त्याची खुर्चीच मागितली. "बाई, मदत माणसाला नाही. मदत घराला आहे." "आणि घर कुठं आहे?" "घर तिकडे आहे." "तिकडे म्हणजे?" "बसचा शेवटचा स्टॉप." "मग आम्ही काय करायचं?" "तुम्ही घराकडे जायचं." मी म्हटलं, "घर आमच्याकडे नाही का येणार?" तो म्हणाला, "पात्र आहात ना? मग झालं तर!"

आमच्या सासूबाईंनी एकदा बाजारात झाकण फुकट मिळतंय म्हणून पातेलं घेतलं. झाकण लखलखीत! पातेलं एवढं अवाढव्य की गॅसवर ठेवलं की दुसऱ्या शेगडीवरचा भात खाली यायचा. सासरे म्हणाले, "अगं, एवढं मोठं पातेलं कशाला?" तर ह्या म्हणाल्या, "पातेलं कुठं, मी झाकण आणलंय!" तेव्हा आम्ही हसलो. आता बघा, घर घेताना आम्ही काय केलं? झाकणच बघितलं. सरकार किमतीतला मोठा घास स्वतः उचलणार, आपल्याला फक्त उरलेला हप्ता. कुणाला नको आहे? आपण भाजी घेताना भोपळा दाबून बघतो, वांगं उलटं करून बघतो, आणि स्वस्त असेल तर दोनदा उलटं करतो, का हो स्वस्त, किडलंय का? मग एवढी मोठी जमीन स्वस्त का, हे एकीनं तरी विचारलं? नाही विचारलं. झाकण मिळतंय ना! तर झाकणासाठी पातेलं घेतलं, आणि आता पातेल्यात राहतो. पातेलं तरी काय वेगळं... पात्रच!

पहिल्यांदा बघायला आलो त्या दिवशी बसचा कंडक्टर ओरडला, "चला पूलवाले! पूलवाले उतरा!" आम्ही उतरलो. समोर पूल. चांगला दगडी, दोन कमानींचा, कठडा वगैरे. तुम्हीही आत्ता त्याच्याच बाजूनं आलात की. पाहिलात ना? मग खाली पाहिलं का? खाली काय आहे? काही नाही! कोरडी जमीन, एक शेळी, आणि आमच्या इमारती. रस्तासुद्धा पुलाच्या बाजूनं जातो, वरून नाही. गरजच नाही ना. तुम्हाला सांगते, मला तेव्हाच कसंतरी झालं. टोपी दिसली आणि खाली डोकं नसलं की कसं वाटेल, तसं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, पूल आहे तर नदी कुठंय?" हे वर बघत होते, गॅलरीकडे. म्हणाले, "गॅलरी आहे गं!" आता गाद्या शिवणाऱ्या माणसाला गॅलरी दिसली की त्याला आधी तिथं उन्हात घातलेला कापूस दिसतो. त्यांना नदी कशी दिसणार?

मग तोच खिडकीवाला आला. इथं किल्ल्या पण तोच देतो. त्याला विचारलं, "साहेब, ह्या पुलाखालची नदी कुठं गेली?" म्हणाला, "वर बांध घातलाय. नदी गेली." मी म्हटलं, "परत येणार नाही ना?" तर तो म्हणतो, "बाई, नदी काय माहेरी गेलीय परत यायला?" सगळे हसले. मीही हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. जिना चढता चढता थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "माहेरी गेलेली बाई परत येतेच गं. आणि आली की आधी बघते, आपल्या मागं घरात कोण कोण बसलंय."

आता ह्याला काय म्हणायचं? नव्या घरात पाऊल टाकताना असं बोलतं का कुणी? पण आमच्या सासूबाई म्हणजे... पात्र!

घर मात्र, खोटं कशाला बोलू, छान. दोन खोल्या. नळ घरात. फरशी अशी की तोंड दिसावं. मी तर पहिला आठवडाभर फरशीवर पाणी सांडलं तरी घाबरायची. आता सांडत नाही, नुसतं बघूनच घाबरते. चिठ्ठ्या टाकून मजले वाटले, आमच्या वाट्याला तळमजला आला. मी खूश! म्हटलं, बरं झालं, पोर जिन्यावरून पडायला नको. मी काय काय टाळायला बघत होते बघा.

मग टिकलीला गोटे सापडायला लागले. अंगणात जरा बोट घातलं की गोटा. गोल, चपटे, हाताएवढे, मुठीएवढे, सगळे असे गुळगुळीत, लोण्यासारखे. आम्हाला तर घबाडच वाटलं! लसूण ठेचायला गोटा, कागद उडू नये म्हणून गोटा, दाराला गोटा. बायका एकमेकींना भेट द्यायच्या. एक दिवस सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, तुम्ही बसलात ना ताई, तिथंच, आणि हाच गोटा हातात घेऊन किती तरी वेळ कुरवाळत बसल्या. मला म्हणाल्या, "हा कुणी घासला गं?" मी म्हटलं, "कुणी नाही, असाच सापडला." तर म्हणतात, "असंच कुणी गुळगुळीत होत नसतं. इतकी वर्षं मी ह्या घराण्यात घासतेय, मी झाले का?" आणि गोटा खाली ठेवला, पदराला हात पुसला, आणि त्या दिवसापासून त्यांनी लसूण ठेचला नाही. कच्चा खातात.

आणि हे? ह्यांचं दुकान तिथंच राहिलं ना, शहरात. पहाटे जातात, रात्री येतात. टिकली त्यांना बघून दाराआड लपते आणि सासूबाईंना सांगते, "पाहुणे आले." मला काजं-बटणं कोण देणार इथं? मास्तर म्हणाले, "बस भरून शर्ट पाठवू का तुझ्याकडे?" दवाखान्याला जायचं तर दोन बस. बरं, हे सगळं मी खिडकीवाल्याला सांगितलं, सांगितलं नाही असं नाही. तो म्हणाला, "घर मिळालं की नाही?" "मिळालं." "तळमजला की नाही?" "तळमजला." "पात्र होतात म्हणून मिळालं ना? मग झालं तर!"

वर बघा जरा. ती दोरीवर कपड्यांची रांग दिसते? तिसऱ्या मजल्यापर्यंत? वाटतं ना, अगदी भरलेली इमारत आहे? नीट बघा. त्या निळ्या शर्टाची एक बाही उरलीय फक्त. ते कपडे आम्ही आलो तेव्हापासून तिथंच आहेत. त्या घरांत कुणी राहतच नाही! परत गेले सगळे शहरात, आपापल्या भाड्याच्या खुराड्यात, जिथं काम आहे तिथं. पण घर सोडलं असं कळलं तर मदत परत घेतात, आणि नाव कायमचं अपात्र. मग काय, दोरीवर कपडे टांगून गेले, म्हणजे तपासणीवाला खालून बघेल आणि म्हणेल, आहेत आहेत, राहताहेत! माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर एक वहिनी आहेत, त्यांना तर सगळ्यांनी कामच दिलंय, अधूनमधून कपड्यांवर पाणी शिंपडायचं. ओले दिसले पाहिजेत ना! तपासणी असली की वहिनी ओरडतात, "अहो, दुसऱ्या मजल्याला धुवायचं राहिलं!" आणि मग बादली घेऊन धावतात. हसू नका. संध्याकाळी दिवे लागतात ना, तेव्हा ह्या एवढ्या इमारतीत दिवे मोजके आणि कपडे सगळीकडे. वारा आला की शर्ट असे हात हलवतात. जा म्हणतात की या म्हणतात, मला अजून कळलेलं नाही.

आणि तो खांब. खांबावर भोंगा आहे, दिसला? किल्ली देताना खिडकीवाला म्हणाला, "भोंगा वाजला की वर जायचं." मी म्हटलं, "भोंगा कशाला? नदी तर गेली ना?" "नियम आहे." "बरं, वर म्हणजे कुठं?" "गच्चीवर." "गच्चीला कुलूप आहे." "किल्ली माझ्याकडे असते." "आणि तुम्ही कुठं असता?" "शहरात." "मग भोंगा वाजला की...?" तो म्हणाला, "मला फोन करायचा!" सासूबाई म्हणाल्या, "आणि तोवर?" तर म्हणे, "तोवर घाबरायचं नाही." हे बरं आहे! कुलूप त्यांनी लावायचं आणि धीर आम्ही धरायचा!

वाजला की हो एक दिवस. नाही, पाऊस नव्हता! तेच तर सांगते. भर दुपार, ऊन असं की पापडसुद्धा म्हणेल पुरे. इथं एक थेंब नाही. पाऊस कुठं तरी वर, डोंगरात, बांधाच्या पलीकडे, आम्हाला पत्ता नाही. मी टिकलीला भरवत होते. आणि न्हाणीघराची मोरी बोलायला लागली. खरंच सांगते, बोलायला लागली... गुळगुळ, गुळगुळ... जशी घसा खाकरतेय. म्हणजे कुणी तरी आत यायच्या आधी खाकरतं ना, तसं. टिकली म्हणाली, "आई, पाहुणे?" आणि तेवढ्यात भोंगा!

तो आवाज... आता नको, मी काढून दाखवणार नाही, टिकली झोपलीय. मी तिला उचललं, सासूबाईंचा हात धरला आणि जिना. चप्पल एक पायात, एक कुठं तरी. सासूबाई वाटेत थांबून म्हणतात, "गॅस बंद केलास का?" मी म्हटलं, "गॅस आता नदीच बंद करेल, तुम्ही चला!" वर पोचलो तर गच्चीचं लोखंडी दार बंद, कुलूप असं, ताटलीएवढं. वहिनी आधीच तिथं, हातात बादली तशीच, कपड्यांवर पाणी शिंपडत होत्या ना. मी खिडकीवाल्याला फोन लावला. तिकडून एक बाई म्हणते, "आपण ज्यांना फोन केला आहे ते दुसऱ्या फोनवर व्यस्त आहेत." साहजिकच आहे, सगळ्या इमारती त्यालाच फोन करत असणार! आम्ही सगळे त्या शेवटच्या पायऱ्यांवर, एकमेकांच्या अंगावर, मोजकीच माणसं हो, पण जिनाच तेवढा. आणि जिन्याच्या जाळीतून मी खाली पाहिलं.

ती येत होती.

मला वाटायचं, पूर म्हणजे गर्जना, लाटा, सिनेमात दाखवतात तसं काही तरी. तसं काही नाही. घाई नव्हती तिला. चहासारखी तांबडी, सपाट, सावकाश. आपल्याच घरी येणाऱ्याला कसली घाई? पुलाच्या दोन्ही कमानींखालून आली. इतके दिवस मी तो पूल बघत होते, त्या दिवशी तो पहिल्यांदा पुलासारखा दिसला. डोकं बसलं टोपीखाली. तिथून ती वळली, बरोबर वळली, जिथं आपला रस्ता वळतो तिथं, तेव्हा मला कळलं की रस्ता तसा का वळतो. मग दोन इमारतींच्या मधून, अंगणात, कुणाला वाट विचारली नाही, कुठं अडली नाही. आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, त्या जिन्यावर, पोरीचं डोकं छातीशी धरून, मला ते पानभर लिहिलेलं आठवलं. सगळंच्या सगळं आठवलं, माझ्या अक्षरासकट. 'नदी ज्या खोलगट भागातून वाहते त्यास नदीचे पात्र असे म्हणतात.'

खिडकीवाला खोटं नव्हता बोलला हो! एका शब्दानं खोटं बोलला नव्हता. मीच चिडले होते. पात्रच होतो आम्ही!

पायरीवर आली. ही पायरी. मग ही. मग उंबऱ्याशी आली आणि थांबली. मी वरून जाळीला नाक लावून बघत होते, माझं दार उघडंच राहिलेलं, गोटा लावलेला. तिनं गोट्याला हात लावला. म्हणजे पाणी लागलं त्याला, आणि इतके दिवस कोरडा, मळका दिसणारा तो गोटा असा चमकला म्हणता... ओळख पटली असणार दोघांची. तशीच उभी राहिली जरा वेळ. आत नाही आली. उंबऱ्यातून फरशीकडे बघितलं, तोंड दिसतं ना फरशीत. आणि मग जशी आली तशी मागे सरली. ऊन तसंच. अंगणात चिखल, आणि माझ्या उंबऱ्यावर तांबडी रेघ, पट्टी लावून आखल्यासारखी.

मी म्हटलं, गेली बाई, वाचलो! सासूबाई म्हणाल्या, "गेली कुठं? घर बघून गेली."

दुसऱ्या दिवशी खिडकीवाला गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आला. चिखल वाळला होता तोवर. म्हणाला, चांगली बातमी आहे! टेकडीवर नव्या इमारती होताहेत, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना तिकडे वरची घरं, मदत तिकडे सरकणार. मला काय आनंद झाला! मी टिकलीला उचलून गोल फिरवलं. तो म्हणाला, "पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं?" आणि मी शहाणी... आईबापांनी खोटं बोलायला शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, "नाही साहेब, उंबऱ्यापर्यंत आलं, आत नाही आलं." त्यानं पेनचं टोपण लावलं. "मग तुम्ही अपात्र."

"अहो पण येईल की!"

"आल्यावर बघू."

"आल्यावर आम्ही असायला नको का?"

"बाई, आलेल्या पाण्याला नियम आहे. येणाऱ्या पाण्याला नाही."

तेवढ्यात सासूबाई आतून बादली घेऊन आल्या आणि त्याच्या देखत, भडाभडा, फरशीवर ओतली! "घ्या, आलं आत!" तो म्हणाला, "आजी, हे नळाचं आहे. नदीचं गढूळ असतं." तर ह्या म्हणतात, "थांबा, माती कालवून आणते!" मी हसू की रडू? फरशी पुसता पुसता दोन्ही केलं.

रात्री ह्यांना म्हटलं, आपण परत जाऊ या. खुराडं चालेल, समोरची भिंत चालेल. हे म्हणाले, "घर सोडलं की कायमचे अपात्र, मग पुन्हा कुठलंच घर नाही. आणि जायचं कुठं?" मी लाँड्रीवाल्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "बाळा, तुझ्या खोलीचं भाडं कुठल्या कुठं गेलं, शेवटी ती आमच्या लाँड्रीच्याच मालकानं घेतली. आता तिथं साहेब लोकांचे कोट टांगतो आम्ही. भिंत कोमट असते ना, कोटांना बरी." म्हणजे तिथं माणसांच्या जागी कपडे राहतात, आणि इथंही माणसांच्या जागी कपडेच राहतात. आपणच तेवढे राहायला जागा शोधतोय!

पण तुम्हाला एक सांगते, कुणाला म्हणून सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी हे एक गादी घेऊन आले. टिकलीपुरती. कापसाची नाही, जाड फोमची, आणि वरून रेक्झिन, तिहेरी शिवलेलं, टाक्यांवरून मेण फिरवलेलं. चारी बाजूंना पट्ट्यांचे कान, पकडायला. मी म्हटलं, "अहो, गादीला कान कशाला?" म्हणाले, "उचलायला बरे." "आणि रेक्झिन कशाला?" "पोर ओलं करतं." मी म्हटलं, "टिकली कधीची ओलं करत नाही." तर हे भिंतीकडे बघायला लागले. मग मी दाबून बघितली ती गादी, भोपळा बघतो तशी, उलटी करून बघितली. मधोमध एक पट्टा शिवलेला होता, पोराच्या छातीवरून जाईल असा. मी गादी सरळ करून ठेवली. तेव्हापासून टिकली तिच्यावरच निजते. आत्ताही तिच्यावरच निजलीय. आणि मी दुपारची मोरीशी कान लावून बसते. सासूबाई लसूण कच्चा खातात. चाललंय आमचं.

तो बघा, आला तुमचा किल्लीवाला! तोच तो. आज बूट नाहीत, म्हणजे आज काही नाही. उठा, उठा, बघून घ्या घर. नका घेऊ, असं मी कशी म्हणू? तुमच्या आत्ताच्या खोल्या मला माहीत नाहीत का? चपला दिसताहेत ना मला तुमच्या. माझ्या शेजारचंच रिकामं आहे, हवेशीर आहे, फरशी तर अशी की तोंड दिसतं. तो तुम्हाला विचारेल, पात्र आहात ना? चिडू नका माझ्यासारखं, हो म्हणा. हो म्हटलं की मिळतं. मग झालं तर!

आमचं काय विचारता? आमचं ठरलंय. तिनं एकदा आत येऊन जायचं, की आम्ही पात्र, की टेकडीवरचं घर! घर तर तिला पसंत पडलंय, ताबा कधी घेते तेवढंच कळवलेलं नाही. आणि तोवर? तोवर काय हो ताई... तोवर आम्ही तिचंच पात्र!

तो गोटा तेवढा सरळ करून जा.